वाईनच्या द्राक्षांचा ‘सोपा तक्ता’ आणि त्यातल्या चुका

“लाल द्राक्षांची रेड वाईन, पांढऱ्या द्राक्षांची व्हाईट, आणि दोन्ही मिसळल्या की रोझे.” या वाक्याने सुरू होणारा एक संदेश बराच काळ या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतो आहे. सोबत दोन रकान्यांचा तक्ता असतो. डावीकडे कॅबरने सोव्हिन्यों, मर्लो, पिनो न्वार, शिराझ, बोर्दो, कियांती. त्यांच्यापुढे ‘जड, कोरडी, मांसाबरोबर’. उजवीकडे शार्डोने, सोव्हिन्यों ब्लाँ, रीसलिंग, शाब्ली. त्यांच्यापुढे ‘हलकी, गोड, माशांबरोबर’. तळाशी ठळक अक्षरांत आणखी काही नियम दिलेले असतात. एकाच वाणाची वाईन अस्सल, मिश्रण कमी दर्जाचं. वाईनची द्राक्षं आंबट, म्हणून ती खायच्या कामाची नाहीत. जितकी जुनी तितकी चांगली. रेड हृदयाला हितकारक, फक्त तिच्यातल्या सल्फाइटने (वाईन टिकावी म्हणून घालतात त्या द्रव्याने) डोकं दुखतं.

मी वाईनची ओळख करून देणारे छोटे वर्ग घेते. पहिल्या तासाला कुणी ना कुणी हा तक्ता फोनवर काढून दाखवतंच, आणि पुढचे दोन तास त्यातलं एकेक वाक्य खोडण्यात जातात. तक्ता करणाऱ्याचा हेतू चांगला असेल, पण तो वाचून माणसं रीसलिंगला हात लावत नाहीत, फिकट रंगाची रेड ‘पाणचट’ म्हणून बाजूला सारतात, साधी बाटली दहा वर्षं कपाटात ठेवून वाया घालवतात. म्हणून एकदा सगळी उत्तरं एकत्र लिहून काढते आहे.

“लाल द्राक्षांची रेड, पांढऱ्या द्राक्षांची व्हाईट”

मूळ चूक इथेच आहे, म्हणून इथे जास्त वेळ थांबू.

गडद जांभळं द्राक्ष सोलून गर चिमटीत दाबलात, तर रस जवळजवळ बिनरंगी निघतो. रंग असतो सालीत. अँथोसायनिन नावाची रंगद्रव्यं सालीच्या पेशींमध्ये साठलेली असतात आणि बहुतेक सगळ्या वाणांचा गर हिरवट-पांढराच असतो. त्यामुळे वाईनचा रंग केवळ द्राक्षाने ठरत नाही. रस सालीबरोबर किती वेळ राहिला, यावर तो ठरतो. रेड करताना द्राक्षं चुरडून सालींसकटच आंबवायला ठेवतात. आंबताना निघणारा वायू साली वर ढकलतो, त्यांचा जाड थर तरंगू लागतो, आणि तो थर रोज खाली दाबावा लागतो किंवा खालचा रस उपसून त्यावर फिरवावा लागतो. असं काही दिवस, कधी काही आठवडे चालतं. त्या काळात रंग रसात उतरतो, आणि साली व बियांमधला तुरटपणा, म्हणजे टॅनिनही उतरतं. व्हाईट करताना क्रम उलटा असतो: आधी द्राक्षं दाबून रस वेगळा करायचा, चोथा बाजूला काढायचा आणि नुसता रस आंबवायचा.

आता हाच दुसरा क्रम गडद द्राक्षांना लावला तर? व्हाईट वाईन तयार होते. शॅम्पेन हे याचं जगभर माहीत असलेलं उदाहरण. तिचे मुख्य वाण तीन: शार्डोने, पिनो न्वार आणि मुनिए. यातले शेवटचे दोन काळे आहेत आणि शॅम्पेनच्या मळ्यांचा साधारण दोन-तृतीयांश भाग त्यांनीच व्यापलेला आहे. तिथे घड अख्खेच्या अख्खे, हलक्या हाताने दाबतात, म्हणजे सालीचा रंग रसात येत नाही. फक्त काळ्या द्राक्षांपासून केलेल्या पांढऱ्या शॅम्पेनला तर ‘ब्लाँ द न्वार’ असं खास नावच आहे. शब्दशः अर्थ, काळ्यातून पांढरी.

उलटही घडतं. पांढरी द्राक्षं सालीसकट आंबवली की अंबरासारख्या रंगाची, चांगली तुरट वाईन मिळते. हल्ली तिला ऑरेंज वाईन म्हणतात, पण जॉर्जिया देशात ही पद्धत फार जुनी आहे. र्कात्सितेलीसारखी पांढरी द्राक्षं तिथे जमिनीत पुरलेल्या मोठ्या मातीच्या रांजणात, क्वेव्हरीत, साली-बियांसकट मुरत ठेवतात. 2013 मध्ये युनेस्कोने या पद्धतीची अमूर्त सांस्कृतिक वारशात नोंद केली. ती वाईन तक्त्यातल्या कुठल्या रकान्यात घालणार?

अपवाद सांगायलाच हवेत. काही मोजक्या वाणांचा गरही लाल असतो. फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकात ग्रेनाश आणि पेती बुशे यांच्या संकरातून तयार केलेला अलिकांत बुशे हा त्यातला प्रसिद्ध, आणि जॉर्जियाचा सापेरावी हा दुसरा. फिकट वाईनचा रंग गडद करायला अशा वाणांचा वापर झाला, अजूनही होतो. पण ते वेगळे ठरतात ते दुर्मीळ आहेत म्हणूनच.

आणि ‘पांढरं द्राक्ष’ तरी कुठे पांढरं असतं? सोव्हिन्यों ब्लाँचं द्राक्ष हिरवट-पिवळं. गेव्हुर्त्सट्रामिनरचं गुलाबी. पिनो ग्रीचं करडं-तांबूस, कधीकधी तर एकाच घडात निळसर आणि गुलाबी मणी दिसतात. पिनो न्वार, पिनो ग्री आणि पिनो ब्लाँ ही तीन नावं तक्त्यात वेगवेगळ्या रकान्यांत जातील, पण मुळात तो एकच वाण आहे. वेलीच्या एखाद्या फांदीवर रंगाच्या जनुकात बदल झाला, कुणीतरी ती काडी वेगळी लावली, आणि नवं नाव मिळालं. पांढरं द्राक्ष हे मुळात रंगाची कळ बंद पडलेलं काळं द्राक्षच आहे: सालीत रंग तयार करायला लावणारी दोन शेजारशेजारची जनुकं त्याच्यात निकामी झालेली असतात.

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट कॅबरने सोव्हिन्योंची. रेड वाईन म्हटलं की हेच नाव पहिलं येतं. दाट रंग, जाड साल, भरपूर टॅनिन. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या कॅरोल मेरेडिथ आणि जॉन बॉवर्स यांनी त्याच्या डीएनएचा ठसा इतर वाणांशी ताडून पाहिला आणि 1997 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. या द्राक्षाचे आईबाप म्हणजे कॅबरने फ्रान आणि सोव्हिन्यों ब्लाँ. म्हणजे ‘रेड’च्या रकान्यातलं सर्वांत वरचं नाव हे ‘व्हाईट’च्या रकान्यातल्या एका ठळक नावाचं मूल आहे. नावातच ते लिहिलेलं होतं, पण तोवर कुणाकडे पुरावा नव्हता. कुणी ठरवून हा संकर केला नव्हता. कुठल्या तरी मळ्यात शेजारी उभ्या असलेल्या दोन वेलींच्या फुलांचा संयोग झाला, एक बी रुजली, आणि कुणाला तरी ते रोप ठेवावंसं वाटलं. द्राक्षाच्या प्रत्येक बीमधून नवं, वेगळं झाड येतं; वाण तसाच टिकवायचा तर काडीवरूनच वाढवावा लागतो. म्हणून आज जगात जिथे जिथे कॅबरने सोव्हिन्यों आहे, ती प्रत्येक वेल त्या पहिल्या रोपाच्या काडीच्या काडीची काडी आहे.

नातं चवीतही उतरलंय. थोड्या कच्च्या कॅबरनेत आणि सोव्हिन्यों ब्लाँमध्ये ढोबळी मिरचीसारखा हिरवा वास येतो. दोन्हीकडे तो मेथॉक्सिपायराझिन या एकाच गटाच्या द्रव्यांमुळे येतो. वर्गात मी या दोन वाईन शेजारी ठेवते आणि डोळे मिटून फक्त वास घ्यायला सांगते. नातं ओळखायला फार वेळ लागत नाही.

शिराझचीही गोष्ट अशीच. शिराझ म्हणजेच फ्रान्समधला सिरा. तो दुरेझा या काळ्या आणि माँदूझ ब्लांश या पांढऱ्या वाणाचं अपत्य आहे, आणि दोन्ही पालक फ्रान्सच्या आग्नेय भागातले आहेत. त्यामुळे इराणमधल्या शिराझ शहरातून हे द्राक्ष आलं, ही आख्यायिका गळून पडते. उलट बाजूने शार्डोने घ्या: त्याचा एक पालक पिनो, दुसरा गुए ब्लाँ, म्हणजे शेतकऱ्यांनी हलक्या प्रतीचा म्हणून हिणवलेला एक पांढरा वाण. 1999 मध्ये हे उघड झालं, तेव्हा त्याच जोडीची आणखी अपत्यंही सापडली. त्यांत पांढरा अलिगोते आहे आणि काळा गामेही. सख्खी भावंडं, दोन रकान्यांत.

“दोन्ही मिसळल्या की रोझे”

जवळजवळ कधीच नाही. रोझेसाठी काळी द्राक्षं घेतात, रस सालीबरोबर काही तासच ठेवतात आणि हवा तेवढा गुलाबी रंग आला की रस वेगळा करतात. दुसरी एक रीत आहे, ती रेड बनवताना सुरुवातीलाच थोडा गुलाबी रस काढून घेण्याची. त्यातून रोझे होते आणि उरलेली रेड अधिक दाट बनते. साधी रेड आणि व्हाईट एकत्र ओतून रोझे करायला युरोपीय संघात मनाई आहे. 2009 मध्ये ती उठवायचा प्रस्ताव आला होता, पण फ्रान्समधल्या प्रोव्हान्सच्या वाईन उत्पादकांनी इतका कडाडून विरोध केला की तो मागे घ्यावा लागला. अपवाद रोझे शॅम्पेनचा. तिथे थोडी रेड मिसळायला परवानगी आहे. संदेशातलं वाक्य खरं ठरतं ते अशा एखाद्या कोपऱ्यातच.

“रेड जड आणि कोरडी, व्हाईट हलकी आणि गोड”

गोडवा म्हणजे वाईनमध्ये न आंबता उरलेली साखर. यीस्टने सगळी साखर खाल्ली तर वाईन कोरडी. मध्येच थांबवलं, किंवा साखर इतकी होती की यीस्टला पुरून उरली, तर गोड. रंगाचा यात काहीही संबंध नाही. साधारण 17 ग्रॅम साखर एका लिटरमध्ये एक टक्का अल्कोहोल देते, हा हिशेब रेड-व्हाईट दोघींना सारखाच लागू.

रीसलिंगवर या तक्त्याने फार मोठा अन्याय केलाय. या जर्मन वाणाचा पहिला लेखी उल्लेख 1435 चा, र्यूसेल्सहाइमच्या एका हिशेबातला. रीसलिंगचं खरं वैशिष्ट्य म्हणजे त्याची धारदार आम्लता, आणि त्या आम्लतेच्या जोरावर ते कोरड्या टोकापासून अतिगोड टोकापर्यंत कुठेही तोल सांभाळतं. जर्मन लेबलवर ‘ट्रोकन’ लिहिलं असेल तर ती कोरडी: लिटरमागे जास्तीत जास्त 9 ग्रॅम साखर, तीही आम्लता पुरेशी असेल तरच. फ्रान्सच्या आल्सास भागातली रीसलिंग बहुतांशी कोरडीच असते. दुसऱ्या टोकाला आइसवाईन आहे. तिच्यासाठी द्राक्षं वेलीवरच गोठू देतात, जर्मनीत उणे 7 अंश किंवा त्याहून खाली तापमान गेल्यावर तोडतात आणि गोठलेलीच दाबतात. पाणी बर्फ होऊन मागे राहतं, अर्कासारखा रस थेंबाथेंबाने निघतो. एकच वाण, एकाच प्रदेशात, आणि दोन पेल्यांत एवढं अंतर. ज्याला ‘रीसलिंग म्हणजे गोड’ असं शिकवलंय, तो यातली निम्मी दुनिया कधी चाखणारच नाही.

शेनिन ब्लाँ तसाच हरहुन्नरी. फ्रान्सच्या ल्वार नदीकाठी त्याच्यापासून कोरडी, गोड आणि बुडबुड्यांची अशा तिन्ही वाईन होतात. दक्षिण आफ्रिकेत सर्वांत जास्त लागवड त्याचीच.

गोंधळ होतो तो बहुधा वासामुळे. मस्कॅटला ताज्या द्राक्षांचा, गेव्हुर्त्सट्रामिनरला गुलाब आणि लिचीचा वास येतो, आणि नाकाला गोड वाटलेलं जिभेलाही गोडच असेल असं मेंदू गृहीत धरतो. नाक चिमटीत धरून एक घोट घेतला की फरक लगेच कळतो.

जडपणाचंही तसंच. ऊबदार प्रदेशातली, 14 टक्के अल्कोहोलची, ओकच्या पिंपात मुरलेली शार्डोने कुठल्याही पातळ गामेपेक्षा जड लागते. शार्डोनेला स्वतःचा वास बेताचा असतो, म्हणून करणाऱ्याचा हात त्याच्यात लख्ख दिसतो. थंड शाब्लीत ते दगडासारखं कडक आणि आंबटसर. तेच पिंपात ठेवून त्यातलं मॅलिक आम्ल जिवाणूंकडून मवाळ लॅक्टिक आम्लात बदलून घेतलं, की लोण्याचा वास येतो. नेबिओलोची गंमत उलटी आहे. इटलीतल्या बारोलोचं हे द्राक्ष. पेल्यात रंग फिकट, विटकरी, आणि पहिल्याच घोटात तुरटपणाने हिरड्या आवळतात. रंगावरून ताकद ठरवणारा माणूस इथे हमखास फसतो. पिनो न्वारची साल पातळ, रंग मुळातच कमी. तिला पाणचट म्हणणं म्हणजे बासरीला नगारा न झाल्याबद्दल दोष देणं.

सिरामध्ये जाणवणाऱ्या काळ्या मिरीच्या वासामागे रोटंडोन नावाचं द्रव्य आहे, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2008 मध्ये दाखवलं. तेच द्रव्य ऑस्ट्रियाच्या ग्रुनर फेल्टलिनर या पांढऱ्या वाणातही आहे. मिरीला दोन रकाने माहीत नाहीत.

बोर्दो, कियांती, शाब्ली: ही द्राक्षांची नावं नव्हेत

ही गावांची आणि प्रदेशांची नावं आहेत. शाब्ली म्हणजे शार्डोने. सांसेरची व्हाईट म्हणजे सोव्हिन्यों ब्लाँ. कियांतीचं मुख्य द्राक्ष सांजोव्हेझे. तक्त्यात शाब्ली आणि शार्डोने वेगवेगळ्या ओळींत आहेत, म्हणजे एकाच द्राक्षाला दोनदा मोजलंय.

उलट एकाच द्राक्षाला अनेक नावंही असतात. स्पेनचं टेंप्रानिल्यो पोर्तुगालमध्ये तिंता रोरिझ होतं. ग्रेनाश स्पेनमध्ये गार्नाचा, सार्डिनियात कान्नोनाऊ. कॅलिफोर्नियाचं म्हणून मिरवलेलं झिनफँडेल इटलीच्या प्रिमितिव्होसारखंच आहे हे आधी कळलं, आणि मग 2001 मध्ये क्रोएशियाच्या किनाऱ्यावर, काश्तेला गावाच्या एका जुन्या मळ्यात, त्याच वाणाच्या मोजक्या वेली सापडल्या. स्थानिक नाव त्स्र्ल्येनाक कास्तेलान्स्की, आणि त्याआधीचं जुनं नाव त्रिबिद्राग. एवढा प्रवास करून घर सापडलं ते एड्रियाटिकच्या काठावर.

नावाच्या चुकीची किंमत काय असते ते चिलीत दिसलं. एकोणिसाव्या शतकात बोर्दोहून तिथे काड्या गेल्या, त्यात मर्लोबरोबर कार्मेनेर हा वाणही होता. पुढे युरोपात फिलॉक्सेरा या मुळं खाणाऱ्या किडीने मळे उद्ध्वस्त केले. अमेरिकी खुंटावर कलमं करून लागवड पुन्हा उभी राहिली, पण कार्मेनेर बोर्दोत जवळजवळ कुणी परत लावलाच नाही. चिलीत मात्र तो ‘मर्लो’ या नावाखाली निवांत वाढत होता. 1994 मध्ये फ्रेंच वनस्पतितज्ज्ञ झाँ-मिशेल बूर्सिको तिथले मळे पाहत असताना त्यांच्या लक्षात आलं की ही मर्लो नाही. कार्मेनेर मर्लोपेक्षा काही आठवडे उशिरा पिकतो. दोन्ही एकाच दिवशी तोडली जात होती, म्हणून त्या वाईनमध्ये इतकी वर्षं कच्चा, हिरवा वास येत होता. वेगळी ओळख पटली, तोडणी वेगळी झाली, आणि आज कार्मेनेर ही चिलीची शान आहे. वाणाचं नाव नीट माहीत असणं ही मळ्यातली रोजची गरज आहे, ती अशी.

“एकाच वाणाची वाईन अस्सल, मिश्रण कमी दर्जाचं”

बोर्दोच्या शेतकऱ्याला हे वाक्य ऐकवलं तर तो चक्रावेल. तिथली रेड मुळातच मिश्रणाची: कॅबरने सोव्हिन्यों, मर्लो, कॅबरने फ्रान, थोडा पेती व्हर्दो. कारण आधी शेतीचं, मग चवीचं. मर्लोला डोळे लवकर फुटतात, त्यामुळे वसंतातल्या उशिराच्या हिमाने ती मार खाते; कॅबरने उशिरा पिकतो, त्यामुळे शरदातल्या पावसात तो अडकतो. दोन्ही लावले तर एक वर्ष संपूर्ण हातचं जाण्याची भीती कमी. जमीनही वेगळी मागतात. खडीच्या, ऊब धरणाऱ्या जमिनीत कॅबरने नीट पिकतो, थंड चिकणमातीत मर्लो. आणि चवीत कॅबरनेचा कणा, मर्लोचा भरीवपणा, कॅबरने फ्रानचा सुगंध एकमेकांची उणीव भरून काढतात.

ऱ्होन खोऱ्यात ग्रेनाश, सिरा आणि मोर्वेद्र ही तिकडी ठरलेली. शातोनफ-द्यु-पापच्या नियमांत तर पारंपरिक मोजणीने तेरा वाण बसतात. त्याच खोऱ्याच्या उत्तरेला कोत-रोतीत सिराबरोबर 20 टक्क्यांपर्यंत व्हिओनिए हे पांढरं द्राक्ष घालायला परवानगी आहे. दोन्ही एकत्र आंबवतात. पांढऱ्या द्राक्षाने रेडचा रंग फिका होईल असं वाटतं ना? एकत्र आंबवल्यावर व्हिओनिएच्या सालीतली द्रव्यं सिराच्या रंगद्रव्यांना धरून ठेवतात आणि रंग टिकायला मदतच होते.

शिवाय ‘एकाच वाणाची’ म्हणून घेतलेल्या बाटलीत तरी एकच वाण असतो का? युरोपीय संघात आणि ऑस्ट्रेलियात लेबलवर वाणाचं नाव लिहायला त्याचं प्रमाण 85 टक्के असलं तरी चालतं, अमेरिकेत 75. उरलेल्यात काय आहे ते सांगायचं बंधन नाही. एकट्याच्या बळावर उत्तम वाईन देणारे वाण आहेतच, बर्गंडीतला पिनो न्वार, रीसलिंग, नेबिओलो. पण तो त्या वाणांचा आणि त्या जागांचा गुण झाला. त्यातून इतरांसाठी नियम निघत नाही.

“वाईनची द्राक्षं आंबट असतात, वाईनशिवाय कशाला उपयोगी नाहीत”

वाईनची द्राक्षं खायच्या द्राक्षांपेक्षा गोड असतात. खायच्या द्राक्षांत तोडणीच्या वेळी साखर साधारण 16 ते 20 ब्रिक्स (ब्रिक्स म्हणजे ढोबळपणे रसातल्या साखरेची टक्केवारी), वाईनच्या द्राक्षांत बऱ्याचदा 22 ते 25. ती खायला आवडत नाहीत याचं कारण वेगळं आहे: मणी लहान, साल जाड, बिया भरपूर. पण लहान मणी म्हणजे रसाच्या मानाने साल जास्त, आणि रंग, वास, तुरटपणा सगळं सालीतून येतं. वाईनला नेमकं तेच हवं असतं. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही बहुतेक व्हिटिस व्हिनिफेरा हीच एक प्रजाती. थॉम्पसन सीडलेस, म्हणजेच सुलताना, हा वाण खाण्यासाठी, बेदाण्यासाठी आणि काही देशांत वाईनसाठीही वापरला गेलाय.

आणि इतर उपयोग? कोन्याक ही ब्रँडी जवळजवळ पूर्णपणे उन्यी ब्लाँ या द्राक्षावर उभी आहे. इटलीत त्यालाच त्रेब्बियानो म्हणतात. त्याची वाईन पातळ, आंबट, जेमतेम 9 टक्क्यांच्या आसपास अल्कोहोलची. पिण्यासाठी कुणी तिचं कौतुक करणार नाही. पण दोनदा ऊर्ध्वपातन करायचं असेल तर हेच गुण कामाचे. आम्लतेमुळे ती सल्फर न घालताही टिकते, आणि अल्कोहोल कमी असल्याने अर्कात वास अधिक एकवटतो. शेरी या स्पॅनिश वाईनसाठी पालोमिनो आणि उन्हात वाळवलेलं पेद्रो हिमेनेझ. पोर्ट या पोर्तुगालच्या गोड वाईनसाठी तूरिगा नासिओनाल आणि त्याचे सोबती. आंबणं अर्ध्यावर असताना त्यात द्राक्षापासून काढलेलं तीव्र मद्य ओततात, यीस्ट मरतं, साखर आत अडकते. इटलीतल्या मोदेनाचा पारंपरिक बाल्सामिक व्हिनेगर त्रेब्बियानो आणि लांब्रुस्को या द्राक्षांच्या आटवलेल्या रसापासून करतात. सोटेर्नच्या गोड वाईनसाठी सेमियों लागतो, कारण त्याच्या पातळ सालीवर बोट्रायटिस बुरशी छान धरते, मण्यातलं पाणी उडतं आणि साखर दाटते.

“जितकी जुनी तितकी चांगली”

जगात विकली जाणारी बहुतेक वाईन पहिल्या काही वर्षांतच पिऊन संपवायची असते. नंतर तिचा फळांचा वास विरत जातो आणि जागा घ्यायला दुसरं काही येत नाही. गामेपासून होणारी बोजोले नूव्हो तर तोडणीनंतर काही आठवड्यांतच, नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी बाजारात येते, ताजेपणी पिण्यासाठीच. मुरण्यासाठी आम्लता, टॅनिन, साखर यांपैकी काहीतरी भक्कम असावं लागतं. म्हणून नेबिओलो आणि कॅबरने टिकतात, आणि म्हणून काही व्हाईटही टिकतात. ऑस्ट्रेलियाच्या हंटर व्हॅलीतली सेमियों तरुणपणी लिंबूपाण्यासारखी फिकी लागते, अल्कोहोल 10-11 टक्के, ओकचा स्पर्श नाही. दहा-पंधरा वर्षांनी तिच्यात भाजलेल्या पावाचा आणि मधाचा वास येतो, जणू पिंपात ठेवली होती. जुन्या रीसलिंगला येणारा रॉकेलसारखा वास बिघाडाचा नसतो. सालीतल्या द्रव्यांपासून हळूहळू तयार होणाऱ्या टीडीएन या संयुगाचा तो वास.

“रेड मांसाबरोबर, व्हाईट माशांबरोबर”

यात थोडं तथ्य आहे, कारण मात्र रंग नाही. टॅनिन प्रथिनांना चिकटतं, म्हणून तुरट वाईनचा कडकपणा मांसाबरोबर सौम्य वाटतो. माशांबरोबर काही रेड का बिनसतात, यावर 2009 मध्ये जपानी संशोधकांनी काम केलं: वाईनमधलं लोह जास्त असेल तर तोंडात माशाचा नकोसा वास उमटतो. लोह कमी असलेली, कमी तुरट पिनो न्वार सामनसारख्या तेलकट माशाबरोबर छान जाते. ताटातल्या पदार्थाची आम्लता, मीठ, तिखटपणा आणि स्निग्धता पाहावी. वाईनचा रंग सगळ्यात शेवटी.

“रेड हृदयाला चांगली, फक्त सल्फाइटने डोकं दुखतं”

द्राक्षांच्या सालीत रेझव्हेरॅट्रॉल हे हृदयाला हितकारक मानलं गेलेलं द्रव्य असतं आणि रेड सालींसकट आंबते, इथवर बरोबर. 1991 मध्ये अमेरिकी दूरचित्रवाणीवर ‘फ्रेंच विरोधाभासा’ची (स्निग्ध खाऊनही फ्रेंचांना हृदयविकार कमी, तो रेडमुळे, या कल्पनेची) चर्चा झाली आणि ही समजूत जगभर पसरली. पण एका लिटर रेडमध्ये हे द्रव्य जेमतेम काही मिलिग्रॅम असतं, तर प्रयोगांमध्ये शेकडो मिलिग्रॅमच्या मात्रा वापरल्या गेल्या. तेवढं वाईनमधून मिळवायला पिंपच्या पिंप लागेल. अल्कोहोल मात्र प्रत्येक पेल्यात पूर्ण मिळतं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मद्याला 1988 मध्येच कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं, आणि जानेवारी 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने मद्याची कोणतीही मात्रा आरोग्यासाठी सुरक्षित नाही असं स्पष्ट म्हटलं. मला वाईन आवडते, तिच्याबद्दल मी तासन्‌तास बोलू शकते, आणि तरीही औषध म्हणून ती कुणाला सुचवणार नाही. ज्यांनी आजवर घेतलेली नाही त्यांनी हा संदेश वाचून ‘हृदयासाठी’ सुरू करू नये, एवढं माझ्या वर्गात मी दरवेळी सांगते.

सल्फाइटचा दावा तर सरळ उलटा आहे. टॅनिन रेडचं हवेपासून थोडं रक्षण करतं, व्हाईटला ते कवच नसतं, म्हणून तिच्यात सल्फाइट सहसा जास्त घालावं लागतं. युरोपीय संघाची कमाल मर्यादाच पाहा: कोरड्या रेडला लिटरमागे 150 मिलिग्रॅम, कोरड्या व्हाईटला 200, आणि गोड वाईनला त्याहून अधिक. रेडने होणाऱ्या डोकेदुखीसाठी 2023 मध्ये डेव्हिसच्या संशोधकांनी दुसरी एक शक्यता मांडली: सालीतलं क्वेर्सेटिन शरीरात अल्कोहोलच्या विघटनात अडथळा आणतं. तो अजून सिद्धांतच आहे. ज्यांना सल्फाइटचा खरोखर त्रास होतो, विशेषतः दम्याच्या काही रुग्णांना, त्यांनी डॉक्टरांशी बोलावं. या तक्त्यावर विसंबून रेडऐवजी व्हाईट घेतली तर त्यांच्या पोटात सल्फाइट बहुधा अधिकच जाईल.